मोबाइलवरचा पास, 8 महिन्यांनंतर: दंड भरून लिहितेय

गेल्या मंगळवारी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाने 'विदाउट तिकीट'ची पावती फाटली. मुंबईच्या लोकलचा पास होता. तीन महिन्यांचा, पूर्ण पैसे भरलेला, संपायला अजून बरेच दिवस असलेला. पण तो फोनमध्ये होता आणि फोन बंद पडला होता.

झालं असं की घरातून निघताना बॅटरी 100 टक्के, डोंबिवलीच्या फलाटावर 62, ठाण्याला 31 आणि उतरल्यावर पुलावर टीसींनी हात पुढे केला तेव्हा 14. 14 म्हणजे पुष्कळ झाले. रेल्वेचं तिकिटाचं ॲप उघडलं, तिकीट दाखवायच्या बटणावर बोट ठेवलं आणि स्क्रीन काळी झाली. मागे लोक खोळंबलेले. माझ्याच डब्यातल्या एकीने पॉवर बँक दिली, वायरही बसली, पण फोन काही केल्या सुरू होईना.

टीसी आवाज न चढवता म्हणाले, "ताई, पास असेलही. पण मला दिसला नाही तर मी काय लिहू?" नियम त्यांच्या बाजूने आहे. फोनवर तिकीट दाखवता आलं नाही तर ते विनातिकीटच धरतात. रेल्वे कायदा 1989, कलम 138 : प्रवासाचं भाडं आणि वर किमान 250 रुपये. याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती फार जणांना माहीत नसते. तुम्ही कुठून बसलात याबद्दल शंका असेल, तर गाडी मुळात जिथून सुटली तिथपासूनचं भाडं लावता येतं. माझी गाडी कसाऱ्याहून आलेली. त्यांनी विचारलं, मी डोंबिवली सांगितलं आणि त्यांनी डोंबिवलीच लिहिलं. माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, हे मी मुद्दाम नोंदवतेय.

पैसे रोखच द्यावे लागले, कारण यूपीआयसुद्धा त्याच मेलेल्या फोनमध्ये. पाकिटाच्या आतल्या कप्प्यात संध्याकाळच्या भाजीसाठी 300 रुपये ठेवलेले होते, ते कामी आले. तेही नसते तर काय झालं असतं, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

आता पासाबद्दल. पहिले सहा महिने मी ऑफिसात ज्याला त्याला सांगत होते, खिडकीवर उभं राहू नका, फोनवर काढा. तीन महिन्यांचा पास साधारण 2.7 महिन्यांच्या दरात पडतो, एवढा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्यासाठी खरी बचत वेळेची होती. पूर्वी महिन्याच्या सुरुवातीला खिडकीवर किमान अर्धा तास जायचा. आता रात्री भांडी आवरल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्या पास निघतो. फक्त तो दुसऱ्या दिवसापासून लागू होतो, हे ध्यानात ठेवावं. दाखवायला नेट लागत नाही, रेंज नसली तरी उघडतो. त्यात मला कधीही अडचण आली नाही.

तपासणीचं म्हणाल तर 8 महिन्यांत माझा पास मोजून सहा वेळा बघितला गेला. मेट्रोसारखी फाटकं लोकलला नाहीत, गाडीला चढणारा माणूस तिकीट काढूनच चढतो असं धरूनच हे शहर चालतं. म्हणून सहा हा आकडा मला खटकतो. आमच्या डब्यात एक मुलगी उघड सांगायची की ती पास काढतच नाही, वर्षातून एकदा 250 भरले तरी परवडतं. मला त्याचा खरंच राग येतो. सगळ्यात स्वस्त तिकीट 5 रुपयांचं आहे हो! एवढे पैसेही न भरता कोणी माझ्या शेजारी उभं राहतं, तेव्हा तिच्या वाटचं भाडं मीच भरतेय असं वाटतं. म्हणून पुलावर दोरी लावून दहा-दहा टीसी उभे राहतात, त्या किल्लेबंदीचं मी नेहमी स्वागतच केलंय, लेट मार्क लागला तरी.

आणि आता ते नुसती नजर टाकून सोडत नाहीत. एसी लोकलमध्ये मोबाइलवर बनावट पास दाखवणारे पकडले गेल्यापासून स्क्रीनशॉट तर नाहीच चालत, काही टीसी ॲप मागे नेऊन पुन्हा उघडायला लावतात, काही जण पासाचा नंबर आपल्या हातातल्या यंत्रात घालून बघतात. मला हे पटतं. फक्त याचा अर्थ असा की फोन जास्त वेळ जिवंत राहायला हवा.

मंगळवारी रात्री हे लिहायला बसले तेव्हा शेवटची ओळ ठरलेली होती : मोबाइलवर पास काढूच नका. मग बुधवारी फोन घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले आणि मत बदललं.

कंपनीचं नाव घेत नाही. फोन दीड वर्षाचा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, बॅटरी फुगलीय, बदलावी लागेल, दोन दिवस लागतील आणि आत टाकण्याआधी फोनमधला सगळा डेटा पुसून द्यावा लागेल. मी म्हटलं, यात माझा रेल्वेचा पास आहे, तो या हँडसेटशी बांधलेला आहे. "मॅडम, डेटाची जबाबदारी आमची नाही." मी म्हटलं, बॅटरी बदलायला फोन पुसायचा कशाला? "प्रोसिजर आहे." अर्धा तास वाद घातला. वॉरंटी संपलेली, म्हणून बॅटरीचे 2,400 रुपये वेगळे. शेवटी त्यांच्या साहेबांना बोलवायला लावलं, ते आले आणि पुसायची गरज नाही म्हणाले. एका मिनिटात. मग त्या मुलाने मला अर्धा तास कशासाठी उभं केलं?

फोन शुक्रवारी मिळाला. दोन दिवस पास असूनही मी रोज सकाळ-संध्याकाळ खिडकीवर कागदी तिकीट काढलं. पण परत आल्यावर ॲप उघडलं तर पास जागच्या जागी, एक दिवस इकडे-तिकडे नाही. दोष पासाचा नव्हताच. 14 टक्के दाखवून मरणाऱ्या बॅटरीचा होता. आठवडाभर ती अशीच एकदम खाली येत होती, मी बघत होते आणि आज करू, उद्या करू म्हणत ढकलत होते.

तरी माझी सवय मी बदलली आहे. ॲपमध्ये पैसे फोनवरून भरून पास स्टेशनच्या एटीव्हीएमवर, म्हणजे तिकिटाच्या यंत्रावर, छापून घ्यायचा पर्याय आहे, पुढचा पास तसा काढणार. रांगही टळते आणि कागदही हातात राहतो. वडील 30 वर्षं कागदी पास वापरायचे, आयकार्डासोबत एका प्लास्टिकच्या पाकिटात, शर्टाच्या खिशात. पावसात भिजून अक्षरं पुसट व्हायची म्हणून आई त्या पाकिटाची तोंडं मेणबत्तीने चिकटवायची. ते पाकीट काल माळ्यावरच्या डब्यात सापडलं, एक कडा तेवढी उसवलीय.

संपायच्या दहा दिवस आधी नवा पास काढता येतो. तोवर फोनवरचाच वापरतेय, पण वेगळ्या कप्प्यात 500 ची नोट आणि पर्समध्ये भरलेली पॉवर बँक ठेवून. पॉवर बँक 190 ग्रॅमची आहे, खांद्याला जाणवते.