पट्टी न देणारा कॅसिनो

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी सत्तावीस वर्षं दिवाणजी आहे. स्वतः जुगार खेळत नाही, सौद्याच्या दिवशी चहावर पैज लागते तेवढीच. तरी एका ऑनलाइन कॅसिनोचा रिव्ह्यू लिहायला बसलोय, कारण त्याचा अख्खा हिशोब गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर येऊन पडला. अ‍ॅपचं नाव देत नाही. दिलं तर त्यांची फुकटची जाहिरात, आणि तसंही ही मंडळी नाव बदलून परत येतात.

पुतण्या दुपारी दुकानात आला. सौदा उरकला होता, हमाल पोती शिवत होते. म्हणाला, "काका, साडेअठरा हजार जिंकलोय. काढायला टॅक्स भरायचाय, तीन हजार तीनशे तीस रुपये कमी पडतात."

मी म्हटलं, "जिंकलास तर मग माझ्याकडं कशाला मागतोस?"

"आधी टॅक्स भरला की मगच पैसे सोडतात. पहिला टॅक्स भरला मी. हा दुसरा."

"पट्टी दाखव."

त्याला कळेना. मोबाइल पुढं केला. त्यात निळं-सोनेरी चित्र, आकडा १८,५०० आणि खाली लाल पट्ट्यात 'टॅक्स पेंडिंग'. याला पट्टी म्हणत नाहीत. आमच्याकडं जतचा किंवा कवठेमहांकाळचा शेतकरी हळद घेऊन येतो, तेव्हा त्याच्या हातात कागद पडतो: पोती किती, वजन किती, भाव काय निघाला, त्यातून हमाली, तोलाई, घेतलेली उचल, आणि शेवटी निव्वळ रक्कम. अंगठेबहाद्दर म्हातारासुद्धा बरोबर शेवटच्या ओळीवर बोट ठेवतो. आणि सत्तावीस वर्षांत एकाही शेतकऱ्याला कुणी म्हटलेलं नाही की आधी हमालीचे पैसे खिशातून भर, मग तुझं बिल देतो.

अ‍ॅप कसं आहे ते थोडक्यात. दिसायला झकास. हिंदी चालतं, मराठी नाही. फिरत्या चित्रांचे स्लॉट दोनशे तरी असतील, रुलेट आहे, पत्ते वाटणारी बाई कॅमेऱ्यासमोर बसलेली आहे. पैसे भरायला अर्धं मिनिट लागतं, यूपीआयचा क्यूआर येतो. दर वेळी क्यूआरवर वेगळ्याच माणसाचं नाव, इथंच पोराच्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस, आवळा देऊन कोहळा काढायची जुनी रीत. आणि सगळीकडं एकच पाटी: 'नो टॅक्स, हाय पेआउट'.

ह्या पाटीवरच माझा मुख्य आक्षेप आहे, म्हणून तिथं जरा थांबतो.

पेआउट म्हणजे काय हे सांगलीत कुणाला समजावायची गरज नाही, फक्त शब्द वेगळा. मटक्यात आकडे दहा. सिंगल लागला तर एकाला नऊ. जोड्या शंभर, जोडी लागली तर एकाला नव्वद. म्हणजे सगळे दहा आकडे रुपया-रुपयाने घेतले तर दहा जातात आणि नऊ येतात. परतावा ९० टक्के, दहा टक्के बुकीचे. रुलेटच्या युरोपी चाकाला ३७ घरं. प्रत्येक घरावर रुपया ठेवला तर ३७ जातात, ३६ परत येतात, म्हणजे ९७.३ टक्के. अमेरिकी चाकाला शून्याचं एक घर जादा, तिथं पावणेपंच्याण्णवच्या आसपास. चांगल्या स्लॉटचा परतावा ९६ च्या आसपास असतो. हे लाखो फिरक्यांचं गणित आहे. एका रात्रीत कोण हरेल, कोण जिंकेल, ते त्यातून कळत नाही.

पुतण्या ज्या स्लॉटवर खेळत होता, त्याच्या कोपऱ्यातलं माहितीचं बटण मी दाबलं. त्यानं ते कधी दाबलेलंच नव्हतं. तीन पानं सरकवल्यावर बारीक अक्षरात आकडा सापडला: ८८. खेळ बनवणारे कारखानदार एकाच खेळाचे तीन-चार प्रकार देतात. चित्रं तीच, आवाज तोच, परतावा ९६, ९४, ९२ किंवा त्याहून खाली. कुठला घ्यायचा ते कॅसिनोवाला ठरवतो. म्हणजे जीएसटी नाही, टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) नाही, आणि तरी मटक्यापेक्षा दोन टक्के कमी भाव. 'नो टॅक्स' पैसे भरताना तरी खरं असेल, 'हाय पेआउट' मात्र त्यांच्याच बटणानं खोटं पाडलं.

कराचा आणि परताव्याचा संबंध नाही असं मात्र मी म्हणत नाही. चांगलाच आहे. फक्त कर कशावर बसवला, यावर सगळं अवलंबून असतं. जर्मनीनं १ जुलै २०२१ पासून ऑनलाइन स्लॉटच्या प्रत्येक पणावर, म्हणजे लावलेल्या पैशावर, ५.३ टक्के कर लावला. पणावर, नफ्यावर नव्हे. आता दिवाणजीच्या डोक्यानं बघा. ९६ टक्के परताव्याच्या यंत्रात शंभराच्या पणामागं घरवाल्याला चार सुटतात. सरकार मागतंय पाच. चार टक्के अडतीच्या धंद्यावर पाच टक्के कर! पदरचा एक घालून दुकान कोण चालवील? तिथल्या चालकांनी यंत्रच खाली आणलं, अनेक स्लॉट ९० च्या आसपास किंवा त्याच्याही खाली गेले. जर्मनीचा कायदेशीर, परवानाधारक स्लॉट असा आमच्या मटक्याच्या भावाला आला. मला वाचून हसू आलं, नंतर वाईटही वाटलं, कारण तो फरक खेळणाऱ्याच्याच खिशातून गेला आणि त्याला बिलावर कुठं दिसलाही नाही.

इंग्लंडात उलट. तिथं ऑनलाइन कॅसिनोच्या ढोबळ नफ्यावर कर आहे, म्हणजे लावलेल्या पैशातून वाटलेली बक्षिसं वजा करून उरेल त्यावर. एप्रिल २०१९ पासून २१ टक्के, त्याआधी १५ होता. जिंकणाऱ्याला जिंकलेल्या पैशावर कर नाही. शंभराच्या पणातले चार सुटले, त्यातले ८४ पैसे सरकारला गेले. यंत्र खाली ओढायची एवढी घाई होत नाही. एप्रिल २०२६ पासून तो ४० टक्के, म्हणजे चारातले एक रुपया साठ पैसे. तेव्हा तिथल्या चालकांचा हातही परताव्याच्या खिळ्याकडं जाईल, असा माझा अंदाज.

आपल्याकडची तऱ्हा तिसरी. ११ जुलै २०२३ च्या बैठकीत जीएसटी परिषदेनं ऑनलाइन पैशाचे खेळ, कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींना २८ टक्क्यांत टाकलं. ऑनलाइनला हा कर प्रत्येक पणावर बसायचा नाही, पैसे भरतानाच त्या रकमेवर बसायचा, हे २ ऑगस्टला ठरलं, आणि १ ऑक्टोबरपासून लागू झालं. हजार भरले तर २१८.७५ कराचे आणि खेळायला ७८१.२५. ते सगळे एकदा ९७.३ टक्क्यांच्या चाकावर फिरवले तर सरासरीनं ७६० हातात येतात. चाक अगदी प्रामाणिक, तरी दारातच पाचवा हिस्सा गेलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० झाला. त्या हिशोबानं हजाराचे खेळायला ७१४ आणि एका फेरीनंतर ६९५. गोव्याच्या कॅसिनो-बोटीवर जाणाऱ्यांनी हे गणित पाकिटात ठेवावं.

पुतण्या पूर्वी एका देशी रमी अ‍ॅपवर खेळायचा. त्याचे जुने मेसेज काढून बघितले. तिथं हजाराच्या भरण्याला २१८.७५ जीएसटी वेगळा दाखवलेला, खाली तेवढाच बोनस दिलेला. तो बोनस सरळ काढता येत नव्हता, खेळावाच लागायचा, तेव्हा फार कौतुक करत नाही. पण ओळीखाली ओळ होती. पैसे काढले की टीडीएस कापून बाकी खात्यात, आणि वर्षाच्या २६एएस मध्ये, म्हणजे आपल्या नावावर कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, नोंद. ह्याला मी पट्टी म्हणतो. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन नवा कायदा आला. पैशाचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याच आठवड्यात त्या अ‍ॅपवर पैसे भरायचं बंद झालं, उरलेली शिल्लक परत आली. मग पोरगं टेलिग्रामवरून ह्या दुसऱ्याकडं गेलं. हरिपुरात पूर्वी हळद साठवायची पेवं होती, जमिनीखालची. आता ह्या असल्या अ‍ॅपांचं पेव फुटलंय, आणि आत उतरलेल्या माणसाला वरून झाकण कधी पडलं ते कळत नाही.

आता साडेअठरा हजारांची पट्टी मी करून दाखवतो, वहीत केली तशीच. पुतण्यानं एकूण भरले ९,०००. तीन आठवड्यांत लावलेल्या पणांची बेरीज ६२,०००. परत आले ७१,५००. शिल्लक १८,५००. ८८ च्या यंत्रावर तो नशिबानं पुढं होता, एवढ्या थोड्या फिरक्यांवरून यंत्र चांगलं की वाईट ते ठरत नाही. निव्वळ जिंकणं ९,५००.

१ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकण्यावर ३० टक्के टीडीएसचा नियम आहे. काढलेल्या रकमेतून भरलेली रक्कम आणि वर्षारंभीची शिल्लक वजा करायची, उरेल त्याचे ३० टक्के. म्हणजे इथं २,८५० कापायचे आणि १५,६५० खात्यात टाकायचे. संपलं.

कॅसिनोवाल्यांनी काय केलं? ३० टक्के काढले पुऱ्या १८,५०० वर, त्यात पोराचे स्वतःचे ९,००० सुद्धा आले. झाले ५,५५०. आणि ते कापले नाहीत, वरून मागितले. ह्या बहाद्दरानं भरले. मग १८ टक्के जीएसटी म्हणून ३,३३०. पैशाच्या खेळाला १८ चा दर आताचा नाहीच, पूर्वी रमीवाल्यांच्या फीला होता. शिवाय जीएसटी भरताना लागतो, काढताना नाही. खोटं बोलायचं तर निदान चालू दर तरी बघून बोलावं.

नियम फार न्याय्य आहे असंही माझं म्हणणं नाही. एका वर्षी चार हजार हरलात आणि पुढच्या वर्षी चार हजार जिंकलात, तर तुमच्या लेखी बरोबरी. सरकारच्या लेखी चार हजारांचं उत्पन्न, १,२०० कर, वर सेस. हरलेले पुढं ओढता येत नाहीत. एका अ‍ॅपवरचं हरणं दुसऱ्यावरच्या जिंकण्यातून वजा होत नाही. आमच्या शेठना एका खेपेत तोटा आणि दुसऱ्या खेपेत नफा झाला तर दोन्ही एकाच वहीत बसतात. जुगाराला ती वही नाही. चाकाला कर कळत नाही, पण खेळणाऱ्याच्या सरासरीतून तो असा दोन ठिकाणी वजा होतो, भरताना आणि जिंकल्यावर.

ग्राहक सेवा. चॅटवर मी स्वतः बसलो. विचारलं, "टीडीएस कापणाऱ्याचा टॅन नंबर द्या." उत्तर आलं, "डिअर सर, प्लीज पे टॅक्स फर्स्ट." परत विचारलं. बारा आकडे आले. टॅन दहाचा असतो, चार अक्षरं, पाच आकडे, शेवटी एक अक्षर. आमच्या दुकानाचा मला झोपेतही पाठ आहे. तसं कळवलं. मग फुलांचं चित्र आलं आणि "युवर अकाउंट मॅनेजर विल कॉल". फोन आला. बाई गोड बोलत होती, मला 'अंकलजी' म्हणाली. म्हटलं, "बाई, कर कापायचा असतो, मागायचा नसतो. साडेअठरातून तुमचे काय ते साडेपाच कापा आणि बाकीचे पाठवा." म्हणाली, सिस्टम अलाऊ करत नाही. ज्या सिस्टमला पण घेता येतो, बक्षीस जमा करता येतं, तिला वजाबाकी येत नाही!

सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या १९३० ला फोन लावला, ऑनलाइन तक्रार भरली, क्रमांक मिळाला. ९,००० आणि ५,५५० मिळून १४,५५० गेले आहेत. क्यूआरवरच्या नावांचे स्क्रीनशॉट जोडलेत. पुतण्याचं २६एएस उघडलं; त्यात बँकेचं काही, रमीवाल्यांची जुनी नोंद, आणि ह्या ५,५५० चा मागमूस नाही.

गुण द्यायचेच तर चित्रांना चार, पैसे भरायच्या सोयीला पाच, पैसे काढायला शून्य. पट्टीला गुण देता येत नाहीत, पट्टी मिळालीच नाही.

पोराला तीन हजार दिले नाहीत. मार्च जवळ आलाय, राजापुरी हळदीची आवक वाढली आहे. दुपारी येऊन तोलाईच्या नोंदी लिही म्हटलं, रोज देतो. तो येतोय. काल संध्याकाळी काट्याशेजारी बसलेला असताना त्याच्या मोबाइलवर परत मेसेज आला: खास त्याच्यासाठी टॅक्समध्ये सूट, ३,३३० ऐवजी आता फक्त १,५००. त्यानं तो मला दाखवला, आणि आम्ही दोघं बराच वेळ हसलो. मग काट्यावरचा हमाल ओरडला, "दिवाणजी, वजन लिवा की!"