जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह वॅगन: चौदा महिन्यांचा आणि १९,००० किलोमीटरचा अनुभव

आईची व्हीलचेअर रोज उचलून ठेवावी लागते, म्हणून मी वॅगन घेतली, म्हणजे मागचं छत डिक्कीपर्यंत लांबवलेली, सेडानसारखी बुटकी गाडी. एसयूव्हीची डिक्की उंचावर असते. तिथवर वीस किलोची खुर्ची चढवताना कंबर बोलायला लागते. वॅगनमध्ये डिक्कीचा काठ गुडघ्याच्या जरा वर असतो, खुर्ची टेकवायची आणि आत सरकवायची. शिवाय घराकडे येणारा शेवटचा चढ कच्चा आहे. पावसात तिथे चिखल होतो आणि हिवाळ्यात बर्फ साचतो, त्यामुळे चारही चाकांवर चालणारी गाडी हवीच होती. नवी परवडणारी नव्हती. सात महिने शोधून तिसऱ्या पिढीची व्होल्वो एक्ससी७० घेतली. ही पिढी २००७ मध्ये आली आणि २०१६ पर्यंत बनत होती. माझ्या गाडीत पाच सिलिंडरचं डी५ डिझेल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे.

शोधायला सुरुवात केली तेव्हा माझाही प्रश्न सगळ्यांसारखाच होता: कुठली कंपनी भरवशाची? महिन्याभरात कळलं की त्याआधी वेगळंच विचारायला हवं, या गाडीची मागची चाकं खरंच चालतात का? कारण ती बंद पडली तरी गाडी पुढच्या चाकांवर मजेत पळत राहते. आवाज येत नाही, ओढ कमी होत नाही, कोरड्या रस्त्यावर तर काहीच जाणवत नाही.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. एक गाडी (कंपनी सांगत नाही, दोष तिचा नव्हता) अगदी चकचकीत होती. सीट नव्यासारख्या, इंजिन शांत, डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. सोबत धाकटा भाऊ होता. त्याला ओल्या गवताच्या उतारावर बाजूला उभं केलं आणि मी गाडी थांबलेल्या अवस्थेतून जरा जोरात उचलली. पुढची चाकं गवत खरवडत फिरायला लागली. तो ओरडला, "ताई, थांब! मागची ढिम्म आहेत!" परत केलं, पुन्हा तेच. विकणारा म्हणाला, टायर गुळगुळीत झालेत म्हणून तसं होतंय. आम्ही आभार मानून निघालो.

यामागचं कारण समजून घ्या, कारण अर्धी खरेदी त्यावर ठरते. ज्या गाड्यांचं इंजिन आडवं बसवलेलं असतं, म्हणजे व्होल्वो एक्ससी७०, स्कोडा ऑक्टाव्हिया स्काउट, फोक्सवॅगन पसाट ऑलट्रॅक वगैरे, त्यांच्यात मागच्या डिफरन्शियलच्या (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत ताकद वाटणाऱ्या गिअरसंचाच्या) तोंडाशी तेलात बुडालेला प्लेट्सचा क्लच असतो. सगळे त्याला हाल्डेक्स म्हणतात. छोटा पंप तेलाचा दाब तयार करतो, त्या दाबाने प्लेट्स एकमेकींवर आवळल्या जातात आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. प्लेट्सची झीज त्या तेलात उतरते. तेल वर्षानुवर्षं बदललं नाही की तो गाळ फिल्टरमध्ये किंवा पंपाच्या जाळीत अडकतो, दाब कमी होतो आणि शेवटी पंप जळतो. यातलं तेल लिटरभरही नसतं. एवढ्याशा तेलासाठी मागचा अख्खा ड्राइव्ह गमावलेल्या गाड्या बाजारात आहेत.

ऑडी ए४ आणि ए६ ऑलरोडमध्ये इंजिन लांबीच्या दिशेने बसतं आणि जुन्या क्वाट्रोमध्ये (ऑडीच्या चारही चाकांच्या ड्राइव्हचं हे नाव) पुढच्या-मागच्या चाकांमधला डिफरन्शियल यांत्रिक असतो. तो चारही चाकांना सतत ताकद देतो. मला ही रचना मनापासून आवडते. मात्र २०१६ पासून आलेल्या क्वाट्रो अल्ट्रामध्ये गरज नसताना मागचा भाग सुटा होतो, म्हणून वर्ष पाहून घ्या. मर्सिडीज ई-क्लासच्या फोरमॅटिक वॅगनमध्येही ताकद कायम चारही चाकांना जाते. बीएमडब्ल्यूच्या एक्सड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या पेटीतला, क्लच एक छोटी मोटर आवळते. ती गाडी चालवायला या सगळ्यांत सुंदर, पण टायरच्या बाबतीत सगळ्यात हळवी.

टायरवर जरा थांबते, कारण इथेच सर्वाधिक लोक फसतात. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. समजा कोणी पुढे दोन नवे टाकले आणि मागचे ३ मिलिमीटरवर आलेले तसेच ठेवले. ६५ सेंटिमीटर व्यासाचं चाक त्या झिजेने एक सेंटिमीटरने लहान होतं आणि त्याचा घेर तीन सेंटिमीटरने कमी होतो. म्हणजे दर किलोमीटरला मागचं चाक पुढच्यापेक्षा सात-आठ फेऱ्या जास्त मारतं. शंभर किलोमीटरच्या प्रवासात साडेसातशे! हा फरक मधल्या क्लचने घसरून पचवायचा, आणि घसरला की तो तापतो. म्हणून गाडी बघायला जाताना नक्षी मोजायचं साधं गेज खिशात ठेवा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. दोन जोड्या वेगवेगळ्या दिसल्या की मी लगेच विचारायचे, असं किती दिवसांपासून चाललंय? उत्तर गुळमुळीत आलं तर पुढे बघायचेच नाही.

दुसरी चाचणी रिकाम्या, कोरड्या जागेत घ्यायची. स्टीअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरायचं. गाडी लोण्यासारखी फिरली पाहिजे. अडखळत, चाकं उड्या मारत फिरली तर मधला क्लच किंवा डिफरन्शियल सुटत नाहीये असं समजा. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी पिशव्या) असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगून सकाळी पुन्हा जा. एक कोपरा खाली बसलेला दिसला की कुठलं तरी रबर हवा सोडतंय.

गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल "आयुष्यभर बदलायला नको" हे वाक्य मी किमान चारदा ऐकलं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगते. ओल्या, म्हणजे तेलात बुडालेल्या, क्लचच्या सहा गिअरवाल्या डीएसजीला (फोक्सवॅगन गटाचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) तर ६०,००० किलोमीटरची मुदत ठरलेलीच आहे. त्याचं बिल मागा. बिल नसेल तर काम झालेलं नाही असंच धरा.

माझ्या गाडीचे आधीचे मालक निवृत्त गृहस्थ. त्यांनी प्रत्येक बिल तारखेनुसार लावून ठेवलं होतं: टायमिंग बेल्ट, गिअरबॉक्सचं तेल, ब्रेक, सगळं. पण मागच्या क्लचच्या तेलाचा त्यात कुठेच उल्लेख नव्हता. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मागची चाकं चालत होती म्हणून मी गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात ते काम करून घेतलं. मेकॅनिककाकांनी मला लिफ्टखाली बोलावलं. तेल काजळीसारखं काळं निघालं. फिल्टर पुसला तर बोटाला राखाडी, ओल्या शिसपेन्सिलीसारखा लेप लागला. काका म्हणाले, "आणखी वर्षभर असंच चालवलं असतंत तर पंप गेला असता, बाई." त्याच वेळी गिअरबॉक्सला लागून असलेल्या, मागच्या शाफ्टकडे ताकद वळवणाऱ्या अँगल गिअरचंही तेल बदललं. तेही हमखास विसरलं जातं.

तेव्हापासून आजवर एकदाही रस्त्यात थांबावं लागलेलं नाही. चिखलाच्या चढावर मागचा भाग ढकलतोय हे पाठीला स्पष्ट जाणवतं, आणि २१० मिलिमीटरच्या ग्राउंड क्लिअरन्समुळे पोट घासत नाही. डिक्कीत खुर्ची आडवी ठेवून वर सामान मावतं. इंधन मात्र तशाच आकाराच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त लागतं, कारण जास्तीचं वजन आणि फिरणारे शाफ्ट गाडी रोज वाहते. चढ आणि बर्फ नसेल तर हा भार कशाला घ्यायचा, असं मी मैत्रिणीला स्पष्ट सांगितलं आणि तिने साधी वॅगन घेतली.

एक गोष्ट नव्या लोकांना फार कळकळीने सांगावीशी वाटते. चार चाकांची ताकद गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. पहिल्या बर्फात मी चढ इतक्या सहज चढले की उतारावर वेग जास्त राहिला, आणि वळणापाशी ब्रेक दाबल्यावर गाडी सरळच सरकत राहिली. मऊ बर्फाच्या ढिगात जाऊन थांबली, कोणाला काही झालं नाही. आई शेजारी बसली होती, तिने फक्त माझा हात धरला. दुसऱ्याच दिवशी डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असलेले, बर्फासाठीचे चार टायर घातले.

परवा नक्षी मोजली: पुढे ५.५, मागे ५.८. रविवारी भाऊ येतोय, तेव्हा पुढचे मागे आणि मागचे पुढे करून घेऊ.