वर्तमानकाळ शिकवायला मर्फींचं लाल पुस्तक: काही महिन्यांच्या वापरानंतर

रेमंड मर्फी यांचं 'इसेन्शल ग्रामर इन यूज' हे इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक जूनपासून संध्याकाळच्या वर्गात वापरतेय. वर्गात बहुतेक मराठी माध्यमातून शिकलेली, नोकरीधंदा करणारी मोठी माणसं. पुस्तक केंब्रिजचं, पहिल्यांदा आलं १९९० साली. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर त्याचाच सराव.

मला सगळ्यात पटला तो क्रम. शाळेत आपण आधी साधा वर्तमानकाळ घोकलेला असतो. इथे आधी 'अ‍ॅम, इज, आर' पक्कं होतं, मग त्यालाच 'आयएनजी'चं क्रियापद जोडून चालू वर्तमानकाळ, आणि साधा त्याच्यानंतर. 'डू-डझ'ची भानगड सुरू होईपर्यंत माणसांचं तोंड उघडलेलं असतं.

आठवा धडा तर अप्रतिम! एक माणूस टीव्ही बघतोय. त्याच्याकडे गिटार आहे, तो ती छान वाजवतो, पण आत्ता वाजवत नाहीये. बस, एवढंच. आमच्या वर्गातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी लगेच स्वतःचं वाक्य केलं: 'आय स्टिच ब्लाउजेस. आय अ‍ॅम नॉट स्टिचिंग नाउ.' दोन्ही काळांतला फरक त्यांना परत समजावून सांगावा लागला नाही. 'नो (जाणणे), वॉन्ट, अंडरस्टँड' यांना सहसा 'आयएनजी' लावत नाहीत, हेही त्याच धड्यात आहे. 'आय अ‍ॅम नॉट अंडरस्टँडिंग' आता क्वचितच ऐकू येतं. 'ही गोज'ऐवजी 'ही गो' मात्र अजून येतं. त्याला रोजच्या तोंडी सरावाशिवाय इलाज नाही.

एक अडचण खास आपल्या लोकांची. 'मी पाच वर्षं इथे काम करतो' हे मराठीत बिनधास्त चालतं, म्हणून 'आय वर्क हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' तयार होतं. हवं असतं 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. पुस्तकात हा भाग भूतकाळानंतर येतो, पण मुलाखतीला निघालेल्या माणसाला हे वाक्य पहिल्याच आठवड्यात लागतं. मी ते धडे अलीकडे ओढून घेते. फळ्यावर एक आडवी रेघ, एका टोकाला नोकरी लागली ते साल, दुसऱ्या टोकाला आज. मधली सगळी रेघ म्हणजे 'फॉर', सुरुवातीचा ठिपका म्हणजे 'सिन्स'.

स्पष्टीकरणं सगळी इंग्रजीतच आहेत, त्यामुळे अगदी नवख्याने एकट्याने सुरुवात करू नये. घरी अभ्यास करणार असाल तर उत्तरं असलेली आवृत्तीच घ्या. आणि झेरॉक्स प्रत नको. चित्रं काळी पडतात, आणि कितीतरी सराव त्या चित्रांवरच आहे.