आठ महिने ३६०० वर रॅम, आठ महिने कॅबिनेट उघडं

भाचीच्या लग्नाचे फोटो झिप करून ठेवले होते, ती फाइल परवा उघडेना. सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा बिघडलेला. डिस्क ठणठणीत निघाली. रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ लावून झोपलो, सकाळी स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळीच ओळी.

ही रॅम म्हणजे ऑक्टोबरात घेतलेली डीडीआर४-३२०० सीएल१६ ची (३२०० हा वेग, सीएल१६ हा विलंब) ८-८ जीबीची जोडी, रायझन ५ ५६०० या प्रोसेसरसाठी. ३६०० ची जोडी अकराशेनं महाग होती. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) ओव्हरक्लॉक करून, म्हणजे वेग वाढवून, जे फुकट मिळतं त्याला पैसे कशाला मोजायचे? १.४ व्होल्ट, फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतला जोडरस्ता) १८००, म्हणजे रॅमच्या घड्याळाशी १:१, आणि पहिल्याच फटक्यात चालू! एडा६४ या चाचणीत लेटन्सी (रॅमकडून उत्तर यायला लागणारा वेळ) ७२ वरून ६६ नॅनोसेकंदांवर आली. लिहिण्याचा वेग वाचण्याच्या जेमतेम निम्मा दिसला म्हणून दुकानदाराशी भांडूनही आलो. नंतर कळलं, एका चिपलेटच्या (कोअरचा एकच तुकडा असलेल्या) रायझनवर तो निम्माच येतो. त्या दुकानात अजून तोंड दाखवलेलं नाही.

७-झिपच्या बेंचमार्कमध्ये कॉम्प्रेशनचा आकडा हलला. व्हिडिओ एक्सपोर्टला फरक शून्य.

पण या रॅमवरचे उष्णता बाहेर टाकायचे ते धातूचे पंख! कुणासाठी लावतात? ओव्हरक्लॉकच्या हौसेपोटी आणलेल्या टॉवर कूलरचा पंखा त्यांना अडतो, म्हणून तो दोन बोटं वर सरकवून बसवला. मग बाजूची काच लागेना. आठ महिने कॅबिनेट उघडं. धूळ तर आहेच, एकदा ग्राफिक्स कार्डावर पाल बसलेली. आई येता-जाता विचारते, "अजून दुरुस्त होतोय का रे?" तीच रॅम बिनपंखांची, साधी मिळाली असती तर काच कधीच लागली असती.

आता मूळ मुद्दा. रॅम भिकार आहे असं लिहायला बसलो होतो, तेवढ्यात बायोसचे जुने फोटो पाहिले. जानेवारीत मीच टीआरएफसी ६३० वरून ५४० वर आणला होता. म्हणजे रॅमच्या सेलमधला चार्ज पुन्हा भरायला (रिफ्रेशला) दिलेला वेळच कापला होता. नागपूरच्या थंडीत ते खपून गेलं. मे महिन्यात दुपारी खोलीतला कूलरही हात टेकतो, तिथे रॅमची काय कथा. पंखांना बोट लावलं तर चटका बसला. सेल तापला की चार्ज लवकर गळतो. टीआरएफसी परत ६३० केला, व्होल्टेज १.३५. तीन रात्री मेमटेस्ट स्वच्छ, लेटन्सी एखाद्या नॅनोसेकंदानं वाढली असेल. फोटो मात्र गेले ते गेलेच. भाचीकडून परत मागवायचेत, कारण सांगायचं टाळतोय.

त्यामुळे आधी मनात दिलेले दोन तारे मागे घेऊन चार देतो. पाचवा पंखांनी खाल्ला. कुणाकडे ३२०० सीएल१६ ची बुटकी, साधी जोडी असेल तर अदलाबदल करायला तयार आहे. माझी ३६०० वर चालते, फक्त टीआरएफसीला हात लावू नका.