डेबियन, मिंट, फेडोरा की आर्च? आधी अपडेटचा वेग ठरवा

लिनक्सचा कुठला डिस्ट्रो (लिनक्सवर उभारलेली तयार सिस्टिम) घ्यायचा यावरचे वाद बहुधा दिसण्यावरून पेटतात. कुणाला ग्नोम हा डेस्कटॉप हवा, कुणाला केडीई. पण डेस्कटॉप नंतरही बदलता येतो. अपडेटची पद्धत मात्र डिस्ट्रोच्या हाडीमाशी असते, म्हणून निवड तिथूनच सुरू करावी असं मला वाटतं.

१९९३ पासून चालत आलेला डेबियन या बाबतीत सगळ्यात संथ. स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते, आणि मधल्या काळात मुख्यतः सुरक्षेच्या व दोषदुरुस्तीच्या अपडेट मिळतात. फायरफॉक्ससुद्धा दीर्घ मुदतीची, म्हणजे ईएसआर आवृत्ती. आज लावलेली मांडणी वर्षभराने तशीच सापडते, आणि ज्यांना संगणकावर काम करायचंय, संगणकाचं काम करायचं नाही, त्यांना हेच हवं असतं. वाय-फायचं फर्मवेअर (हार्डवेअरला लागणारी आज्ञावली) वेगळं शोधत बसण्याची जुनी कटकटही डेबियन १२ पासून (२०२३) बरीच मिटली. ते आता इन्स्टॉलरमध्येच असतं. अडचण येते ती अगदी नव्या लॅपटॉपवर, कारण कर्नल, म्हणजे हार्डवेअरशी बोलणारा सिस्टिमचा गाभा, जुना पडतो. बॅकपोर्ट्स या डेबियनच्या जोड-भांडारातून नवा कर्नल घेता येतो, पण नवख्याला पहिल्याच दिवशी हे सांगणं जिवावर येतं.

नवख्याला मी मिंट सुचवतो. पाया उबुंटू या डिस्ट्रोच्या एलटीएसचा (दीर्घ आधाराच्या आवृत्तीचा), म्हणजे पाच वर्षांची निश्चिंती. उबुंटूवर फायरफॉक्स स्नॅप म्हणून, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या पॅकेज पद्धतीत येतो. मिंटने २०२० मध्ये स्नॅपला मुळातच अटकाव केला आणि फ्लॅटपॅक या दुसऱ्या पद्धतीला जागा दिली. माझा कल मिंटकडे असण्याचं हे निम्मं कारण. उरलेलं निम्मं टाइमशिफ्ट: अपडेट बिघडली तर सिस्टिम आधीच्या स्थितीत नेता येते, आणि ही सोय सोबतच मिळते. वेलँडच्या (पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या नव्या व्यवस्थेच्या) बाबतीत मात्र मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप मागे आहे. दोन मॉनिटरना वेगवेगळं स्केलिंग हवं असेल तर चिडचिड होईल.

तिथे फेडोरा सरस. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, प्रत्येकीला साधारण तेरा महिने आधार, आणि एकाच आवृत्तीच्या आयुष्यात कर्नलही पुढे सरकत राहतो. नव्या हार्डवेअरसाठी माझी पहिली पसंती हीच. फक्त पेटंटच्या भानगडीमुळे काही व्हिडिओ कोडेक (व्हिडिओ उलगडणारे घटक) सोबत येत नाहीत. आरपीएम फ्यूजन ही रिपॉझिटरी (पॅकेजचं भांडार) जोडणं हे इन्स्टॉलनंतरचं पहिलं काम समजा. एनव्हिडियाचा ड्रायव्हरही तिथेच मिळतो. वर्षातून एकदा तरी आवृत्ती बदलावी लागणार, ते टाळत राहणाऱ्यांनी फेडोराच्या वाटेला जाऊ नये.

आर्चला आवृत्त्याच नाहीत. अपडेट सतत येत राहतात, अर्धवट (फक्त काही पॅकेजची) अपडेट चालत नाही, आणि अपडेट करण्याआधी प्रकल्पाच्या बातम्यांवर नजर टाकणं अपेक्षित असतं. एयूआर या वापरकर्त्यांच्या भांडारात जवळपास काहीही सापडतं, पण तिथल्या स्क्रिप्ट वापरकर्त्यांनीच लिहिलेल्या असतात, चालवण्यापूर्वी वाचायच्या. आर्चचं विकी मात्र इतकं उत्तम आहे की डेबियनवालेही गुपचूप तेच उघडतात. हे सगळं आवडत असेल तर आर्चसारखी मजा नाही. केवळ ताज्या पॅकेजसाठी जात असाल, तर ओपनसुसे टम्बलवीड आधी बघा. तोही सतत पुढे सरकणारा, पण प्रत्येक नवा संच ओपनक्यूएच्या स्वयंचलित चाचण्यांतून जातो. नेहमीच्या बीटीआरएफएस (डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत) मांडणीत अपडेटपूर्वीचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या वेळची प्रत, आपोआप घेतला जातो, आणि बूट मेनूतूनच तो निवडता येतो.

ठरलं तरी लगेच डिस्क पुसू नका. लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करताच) चालू करून वाय-फाय, आवाज आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागं होतंय का, हे तपासा. डेबियनवर यातलं काही अडलं तर तीच चाचणी फेडोराच्या यूएसबीवर करा. तिथे चाललं, तर खोट बहुधा जुन्या कर्नलची आहे.