मोका येथील गिरमिटिया दप्तर : एका तिथीचा शोध

राजापूरकडील आमच्या घरी खापरपणजोबांच्या धाकट्या भावाचे श्राद्ध पिढ्यान्‌पिढ्या सर्वपित्री अमावास्येलाच होत आले, कारण ते मुंबई बंदरातून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध मजूर, म्हणून गेले एवढेच सर्वांना ठाऊक होते. वारले केव्हा, हे कोणालाच सांगता येत नव्हते. मॉरिशसमधील मोका येथे महात्मा गांधी संस्थेत भारतीय स्थलांतरितांचे जे अभिलेखागार आहे, त्याच्याकडे मी केवळ या एका तारखेसाठी गेलो, आणि तेथील सेवेविषयी माझे मत अतिशय चांगले झाले.

१८३४ पासून पुढील सुमारे आठ दशकांत या बेटावर साडेचार लाखांच्या आसपास भारतीय मजूर उतरले. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, आणि त्या क्रमांकाखाली नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, गाव, परगणा, जिल्हा, जहाज असा तपशील लिहिला जाई. मृत्यू किंवा मायदेशी परतणे यांची नोंद पुष्कळदा त्याच ओळीत पुढे सापडते. अडचण आहे ती नावांची. इंग्रज कारकुनाने कानावर पडले तसे लिहिल्यामुळे आमचा सखाराम तेथे ‘सुकराम’ झाला होता, आणि एकाच जिल्ह्याचे असे तीन सुकराम निघाले. बापाचे नाव आणि गाव मला सांगता आले, म्हणूनच कर्मचाऱ्यांना योग्य माणूस ओळखता आला. तेही घाई न करता, तिन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून. (यापूर्वी वंशावळ शोधून देणाऱ्या एका खासगी संकेतस्थळाने पैसे घेऊन भलत्याच माणसाची माहिती माझ्या गळ्यात मारली होती.) १८६० च्या दशकापासूनची मजुरांची छायाचित्रेही येथे जपलेली आहेत. आमच्या माणसाचे मात्र मिळाले नाही.

क्रमांक हाती आल्यावर मृत्युदाखला काढणे सोपे गेले. तेथील नागरी नोंदणी फ्रेंच पद्धतीची असल्याने दाखल्यावर मृत्यूची वर्दी देणाऱ्यांचीही नावे असतात. आमच्या दाखल्यातील दोघांपैकी एकजण कोकणातलाच असावा, असे नावावरून वाटते. दफन कोठे झाले, याचा मात्र या कागदांत उल्लेख नाही, आणि मळ्यावरच्या मजुराच्या कबरीवर दगड बसवण्याची ऐपत तेव्हा कितीजणांची असणार! थडग्याच्या आशेने जाणाऱ्याने हे आधीच गृहीत धरावे.

जाताना गावाचे जुने नाव आणि घरात पूर्वी वापरात असलेली सर्व नावे लिहून न्यावीत. आजचे आडनाव तेथे बहुधा निरुपयोगी ठरते. दाखल्यावरील इंग्रजी तारखेवरून आमच्या गुरुजींनी जुन्या पंचांगात तिथी काढली. ती भाद्रपद वद्य षष्ठी निघाली.