बार-एंड वेट, फोम ग्रिप आणि बधिर करंगळ्या : आठ महिन्यांनंतर

हेल्मेटचा पट्टा सुटेना. साधा दोन कड्यांचा पट्टा, एरवी न बघता सोडतो तो. त्या दिवशी सलग साडेतीन तास गाडी चालवून उतरलो, हनुवटीखाली बोटं घातली, तर कडी कुठली आणि पट्टा कुठला हेच बोटांना कळेना. शेवटी गाडीच्या आरशात वाकून, बघत बघत सोडवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत परक्याची असल्यासारखी होती.

तेव्हापासून आठ महिने आणि साधारण अकरा हजार किलोमीटर, हँडलच्या थरथरीने बोटं बधिर होण्याच्या याच एका दुखण्यामागे लागलोय. बार-एंड वेट, म्हणजे हँडलच्या टोकांना बसणारी वजनं, लावली, फोम ग्रिप लावल्या, जेलवाले ग्लोव्ह्ज घेतले, थ्रॉटलवर, म्हणजे रेसच्या मुठीवर, तळहात टेकवायची पट्टीही आणली. या चारांपैकी आज गाडीवर एकच वस्तू कायमची आहे. आणि सगळ्यात जास्त फरक पडला तो दहा नंबरच्या पान्याने, जो टूलकिटमध्ये आधीपासूनच पडून होता.

गाडी सिंगल सिलिंडर आहे, त्यामुळे थरथर तिच्या रक्तातच. पिस्टन दर फेऱ्याला एकदा वर-खाली होतो. ५००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ५००० फेऱ्यांना, सेकंदाला सुमारे ८३ वेळा. माझ्या इंजिनात बॅलन्सर शाफ्ट आहे, म्हणजे पिस्टनच्या उलट तोल साधणारा फिरता दांडा. तो बराचसा धक्का शमवतो, सगळा नाही. शिवाय हँडलबारची स्वतःची अशी एक लय असते. इंजिनाची लय तिच्याशी जुळली की बार नुसता झणझणतो. माझा हा नेमका पट्टा ४८०० ते ५४०० आरपीएमचा, म्हणजे शेवटच्या गिअरमध्ये ताशी ८६ ते ९७ किलोमीटर. आणि मी लांबच्या रस्त्यावर चालतो ९० ने. नशीब!

हा पट्टा शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही, आरसा पुरतो. मागच्या गाडीचे दोन दिवे आरशात स्वच्छ दिसतात तोवर ठीक. त्यांच्या दोन रेघा व्हायला लागल्या की समजायचं, आपण पट्ट्यात शिरलो. तेव्हाचा आरपीएमचा आकडा लक्षात ठेवा. काही विकत घ्यायच्या आधी हे करा, कारण पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं.

बार-एंड वेटबद्दल आधी सांगतो, कारण टिकली ती हीच. कंपनीची हलकी वजनं काढून दोन्ही टोकांना भरीव स्टीलची जड वजनं लावली. माझी समजूत अशी होती की वजन थरथर पिऊन टाकतं. प्रत्यक्षात झालं असं, की झणझण नाहीशी झाली नाही, खाली सरकली. टोकाला वजन वाढलं की बारची स्वतःची लय संथ होते. आता माझा वाईट पट्टा ४३०० ते ४६०० ला आहे, पूर्वीपेक्षा थोडा सौम्यही. म्हणजे ताशी ७७ ते ८३. मी तिथे फारसा रेंगाळत नाही, त्यामुळे मला फायदा झाला. ८० ने निवांत जाणाऱ्या माणसाने हीच वजनं लावली असती तर त्याने मला शिव्या घातल्या असत्या.

दोन गोष्टी वजनं लावताना सांभाळा. उजव्या बाजूला वजन आणि थ्रॉटलची नळी यांत एक-दोन मिलिमीटर फट हवीच. माझं पहिल्यांदा घासत होतं. थ्रॉटल सोडला तरी इंजिन रेस सोडायला नाखूष, आणि हे मला पहिल्या वळणावर कळलं. घरीच, इंजिन बंद असताना, थ्रॉटल पूर्ण पिळून सोडून बघायचा. टक्कन मागे आला पाहिजे, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवूनही आला पाहिजे. दुसरं, डाव्या वजनाचा बोल्ट सहाशे किलोमीटरमध्ये सैल झाला. थरथर थांबवायला लावलेली वस्तू थरथरीनेच सुटत होती! निळं थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट धरून ठेवणारा गोंद, लावलं, त्यानंतर हलला नाही.

फोम ग्रिपवर मी पाच महिने प्रेम केलं. पहिले दोन आठवडे तर हात ढगावर ठेवल्यासारखे. मग कोपराखालचे स्नायू दुखायला लागले. फोममुळे ग्रिपची जाडी वाढते, माझा हात लहान, बोटं पूर्ण वळत नाहीत, मग तीच पकड राखायला जास्त जोर लावावा लागतो. आणि जितकं घट्ट धराल तितकी थरथर हातात जास्त उतरते, म्हणजे मऊपणाने कमावलेलं जाडीने घालवलं. पावसात फोम स्पंजासारखा पाणी पितो. प्रत्येक वेळी क्लच दाबला की ग्लोव्ह्जच्या आत थंड धार. पाचव्या महिन्यात अंगठ्याजवळ फोम फाटला आणि मी मूळच्या रबरी ग्रिप परत चढवल्या. मोठ्या पंजाच्या माणसाला फोमच्या आवडू शकतील, हे मान्य.

जेलचे ग्लोव्ह्ज मात्र सरळ चुकले. करंगळी आणि अनामिकेचा अर्धा भाग बधिर होतो तेव्हा मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने जाणारी अल्नर नस दाबली जात असते. माझ्या ग्लोव्ह्जमधली जेलची गादी बरोब्बर तिथेच, तळहाताच्या टाचेवर, उंचवट्यासारखी बसत होती. एका तासात मुंग्या. शिवाय थरथररोधक म्हणून मिरवणाऱ्या ग्लोव्ह्जसाठी आयएसओ १०८१९ हे मानक आहे. त्यात २५ ते २०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तितके हेलकावे असलेल्या, पट्ट्यात थरथर जेमतेम दहा टक्के कमी झाली तरी ग्लोव्ह पास होतो. खरी कसोटी २०० च्या वर लागते. आपल्या इंजिनाची मुख्य थरथर ८० च्या आसपास. तेव्हा ग्लोव्ह्ज घ्या ते पडल्यावर कातडी वाचावी म्हणून, आणि बोटांच्या बेचक्यांत ओढणार नाहीत असे घ्या.

थ्रॉटलवरची पट्टी मोकळ्या सरळ रस्त्यावर छान. गर्दीत ब्रेककडे बोटं नेताना तळहाताने थ्रॉटल थोडा उघडला गेला, एकदाच, पण पुरेसं झालं. आता ती बॅगेत असते.

आता तो दहाचा पाना. माझ्या उजव्या हाताला करंगळीबरोबर अंगठा आणि तर्जनीलाही मुंग्या यायच्या. ती बोटं वेगळ्या नसेची, मीडियन नसेची; मनगट वर मोडून धरलं की ती आवळली जाते. गाडीवर नेहमीसारखा बसलो आणि एकाला बाजूने फोटो काढायला लावला. ब्रेक लिव्हर जवळजवळ आडवा, त्यावर बोटं ठेवायला मनगट मागे वाकलेलं. दोन्ही लिव्हरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल केले, लिव्हर खाली फिरवले, इतके की कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ यावी. ब्रेक ऑइलची डबी फार तिरकी होत नाही ना आणि केबल कुठे ताणत नाहीत ना, एवढं बघितलं. दहा मिनिटांचं काम. अंगठ्याच्या मुंग्या त्या आठवड्यानंतर आलेल्याच नाहीत. आठ महिन्यांतला सगळ्यात समाधानाचा आणि सगळ्यात लाजिरवाणा क्षण तोच.

लाजिरवाणा म्हटलं तर आणखी एक. सहाव्या महिन्यात चेन बदलताना लक्षात आलं, इंजिन चेसिसला धरून ठेवणारा पुढचा एक बोल्ट हाताने फिरत होता. आधीच्या सर्व्हिसमध्ये कुणीतरी उघडला आणि नीट आवळला नाही. म्हणजे माझ्या निम्म्या प्रयोगांत हा पाहुणा सामील होता. आवळल्यावर पायाखालच्या पेगांची थरथर स्पष्ट कमी झाली, हातांची थोडीशी. इंजिनाचे बोल्ट, चेनचा ताण, टायरमधली हवा, कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ते बेअरिंग) हे आधी तपासा. मी सांगतोय त्या क्रमाने मी स्वतः केलं नाही.

सवय बदलायला सगळ्यात वेळ लागला. मी हँडलला लोंबकळत होतो, अंगाचा भार तळहातांवर. आता गुडघ्यांनी टाकी धरतो, पोट थोडं आत, कोपरं सैल. दर थोड्या वेळाने पेटीच्या सुरांवर फिरावीत तशी बोटं ग्रिपवर एकेक उचलून बघतो. बोट उचलताना हँडल हललं तर समजायचं, भार अजून हातांवरच आहे. आणि सव्वा तासाला थांबतो, इच्छा असो वा नसो.

बोटं थंडीत पांढरी पडत असतील, रात्री झोपेत बधिर होत असतील किंवा पकडीतून वस्तू निसटत असतील, तर सामान विकत घेत बसू नका, डॉक्टरांना हात दाखवा. माझं तिथवर गेलं नाही.

सध्या डाव्या करंगळीला तिसऱ्या तासाच्या शेवटी हलक्या मुंग्या येतात, उजवीला नाही. डावीकडे क्लच जड आहे. पुढची शंका त्या केबलवर.